उंबरजाईची पाठमोरी पेज

उंबरदऱ्याचं देऊळ काही फार मोठं नाही. घाटमाथ्यावरचं हे गाव ओलांडून दहा मिनिटं चढलं की उंबराचं एक म्हातारं झाड लागतं, त्याच्या वर बारमाही झरा, आणि झऱ्याच्या वर कौलारू छपराखाली उंबरजाई. शेंदूर लावलेला कमरेएवढा तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, आणि त्याला चांदीचे डोळे. देवळापुढच्या अंगणात एक खळगा आहे, त्यात लाकडाचा ओंडका सदा धुमसत असतो. त्याला आगटी म्हणतात. आगटीच्या कडेला तीन दगड आहेत, इतके काळे की हात लावला तर बोटं दिवसभर धूत बसावं लागतं.

इतर दिवशी येणारा पाहुणा नारळ फोडतो, घाटाचे फोटो काढतो आणि जातो. वैशाखातल्या दुसऱ्या मंगळवारी येणारा मात्र चक्रावतो. त्या दिवशी सगळं गाव अंगणात बसलेलं असतं आणि सगळ्यांच्या पाठी देवीकडे. पाटलांच्या घरातले, शाळेचे मास्तर, माहेरपणाला आलेल्या मुली, सगळे दरीकडे तोंड करून बसतात. प्रत्येकाच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण, आणि द्रोणात तांदळाच्या कण्यांची पातळ पेज. तिच्यात गूळ, दूध, तूप काही नाही. मीठ तेवढं आहे. मागे गाभाऱ्यात देवीच्या दोन्ही खांद्यांवर चाफ्याची एकेक ओली पाकळी चिकटवलेली असते. एरवी हाच देवीचा कौल. मनातला प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोयरिकी, विहिरी, कोर्टकचेऱ्या, सगळं या दोन पाकळ्यांवर ठरतं. आणि वर्षातून या एकाच दिवशी पाकळ्या लावून सगळे पाठ फिरवतात.

पाहुणा साहजिकच विचारतो की बघायचंच नाही तर लावायच्या कशाला. देवळाचे गुरव दशरथकाका पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांना हा प्रश्न विचारलेला फार आवडतो, पण ते तसं दाखवत नाहीत.

"आधी पेज घ्या," ते म्हणतात. "गरम हाय तवर. सांगतो मंग. आन वळून बघायचं न्हाई हां!"

मग ते स्वतःही दरीकडे तोंड करून बसतात आणि सांगू लागतात.

या गोष्टीला किती वर्षं झाली ते काकांना नक्की माहीत नाही. काडेपेटी अजून गावात आली नव्हती, एवढं मात्र ते ठामपणे सांगतात. त्या काळी ज्याच्या घरचा विस्तव विझेल तो वर येऊन आगटीतला निखारा खापरीत घालून न्यायचा. गावातली प्रत्येक चूल या आगटीची लेक, असं म्हणे जुनी माणसं म्हणत.

त्या वेळी गावात कोंडाबाई नावाची एक विधवा राहत होती. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथी ही झाली तेव्हा आईनं तिला शेजारणीला सूपभर कोंड्यावर देऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कोंडा परत करून घरी आणलं. मरणाला फसवायची ही जुनी रीत. ज्या पोरीची किंमत सूपभर कोंडा, तिला न्यायला यम कशाला घाट चढून येईल? तो आला नाही खरा. कोंडाबाई साठी ओलांडून गेली तरी तिचे दात शाबूत होते आणि जीभ तर त्याहून शाबूत होती.

तिच्याकडे देवीचं भात कांडायचं काम होतं. उंबरजाईच्या नैवेद्याला तुटका दाणा चालत नसे. एक कणी जरी भातात निघाली तरी गुरव ताट परत पाठवायचा. म्हणून कोंडाबाई उखळात भात कांडायची, पाखडायची, निवडायची. अख्खा तांदूळ देवीचा. खाली राहिलेल्या कण्या तिच्या, हीच तिची मजुरी. गावात बाकीच्यांच्या घरी कण्या निघाल्या की कोंबड्यांपुढे जायच्या. कोंडाबाईच्या घरी त्यांची रोज पेज व्हायची. मूठभर कण्या, त्यात गाडगं भरून पाणी, मंद विस्तव आणि शेवटी मिठाचे दोन खडे. दाणा विरघळून पाणी दुधाळ झालं की ती उतरवायची. पेजेची घाई केली की ती खाली लागते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं की उतू जाते, म्हणून कोंडाबाई तिच्याशेजारी बसून ओव्या म्हणायची. किती ओव्यांत पेज होते ते तिला पाठ होतं.

गाव तिला चिडवायचं. देवीनं टाकलेलं खाऊन म्हातारी अशी टणक कशी राहिली, असं विचारायचं. ती म्हणायची, "टाकलेलंच टाकलेल्याला पचतं." आणि हसायची.

तिचा एकुलता एक मुलगा धाकू बैलांच्या तांड्याबरोबर कोकणात उतरायचा. वर येताना मिठाच्या गोण्या घेऊन यायचा. त्याची बायको कुसा खालच्या मोठ्या गावातली. माहेरी दुभती जनावरं होती, ताटात दोन्ही वेळा दूधभात. लग्नानंतर पहिल्याच सकाळी सासूनं पेजेचं वाडगं पुढं केलं तेव्हा कुसानं आत बघितलं आणि म्हणाली, "आत्याबाई, हे कोंबड्यांचं नव्हं का?"

झालं! त्या दिवसापासून दोघींचं जे जुंपलं ते जुंपलंच. भांड्यावरून, पाण्यावरून, झाडलेल्या अंगणावरून. शेजारीपाजारी सकाळचं ऐकायला ओट्यावर येऊन बसत. कुसानं तीन वर्षांत त्या पेजेला ओठ लावला नाही. ती शिळी भाकरी खायची आणि मुद्दाम आवाज करून चावायची.

त्या वर्षी वैशाखात धाकू तांड्याबरोबर निघाला तेव्हा उंबरठ्यात थांबला. एकीकडे आई, दुसरीकडे बायको, दोघींची तोंडं दोन दिशांना.

"आई," तो म्हणाला, "म्या येस्तवर तुमी भांडा. काय भांडायचं ते भांडा. पर म्या येईन तवा दोघी असा."

कोंडाबाई म्हणाली, "जा तू. असू आमी." सहज बोलून गेली, पण शब्द गेला.

तो गेल्यावर आठवडाभरात गावात मरी आली. वैशाखात विहिरीचा तळ दिसत होता, त्यातलं गढूळ पाणी सगळं गाव पीत होतं. पण तेव्हा हे कोण कशाशी जोडणार? ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले की माणूस दोन दिवसांत वाळून जायचं. चार दिवसांत पाच माणसं गेली. आणि त्या काळची समजूत अशी, की पोटात काही ठरत नाही तर द्यायचंच नाही. अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. तहानेनं माणूस टाचा घासायचं आणि घरचे डोळे पुसत बसायचे. वैर म्हणून नव्हे, मायेपोटी.

हैबती पाटील गावचा कारभारी. माणूस कडक, पण वाईट नव्हता. त्याची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती. त्यानं गाव देवळापुढं गोळा केलं आणि सगळ्यांच्या वतीनं देवीला नवस बोलला. पाच दिवस उंबरदऱ्यात चूल पेटणार नाही. गावात धुराची रेघ दिसणार नाही. आम्ही आमच्या जिभेला आवर घालतो, आई, तू तुझ्या रागाला घाल. सगळ्यांनी हात जोडले. कोंडाबाईनंही जोडले, मनापासून जोडले. त्या रविवारी घरोघरच्या चुलींवर पाणी ओतलं गेलं. विस्तव राहिला तो एकट्या आगटीत, कारण आगटी देवीची. ती विझवण्याची गोष्ट कुणाच्या मनातही आली नाही.

सोमवारी सकाळी कुसाला पहिली ओकारी झाली.

मंगळवारी उजाडलं तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. गाल आत, ओठांना पापुद्रे. हाताच्या कातडीला चिमटा घेतला तर ती तशीच उभी राहत होती. काल दिवसभर कोंडाबाईनं रीतीप्रमाणे तिला पाणी दिलं नव्हतं आणि दर वेळी नाही म्हणताना तोंड फिरवलं होतं. आता कुसा मागतही नव्हती. जी पोर भांडायला बसली की तीन घरांपलीकडे ऐकू यायची, तिचा आवाज कानाजवळ वाकल्याशिवाय कळेना.

कोंडाबाई वाकली.

"आत्याबाई," कुसा म्हणाली, "तुमची ती... कोंबड्यांची... द्या की वाईच."

म्हातारीला रडू कोसळलं आणि काही न द्यायची रीत तिथंच सुटली. तीन वर्षं जी पेज हिच्यापुढं सरकवली आणि हिनं परत सरकवली, ती आज मागितली, तर चुलीत राख. ती चुलीपाशी गेली. राखेत हात घातला, राख गार होती. विस्तव कसाबसा आणता आला असता, पण धूर? धूर झाकता येत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला पाटलाची भीती नव्हती, देवीची होती. नवस तिनंही बोलला होता. तिनं चूल पेटवली आणि देवी कोपली, दुसऱ्या कुणाचं लेकरू गेलं, तर? दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर आपली सून वाचवायची? आणि नाही वाचवली तर धाकूला काय तोंड दाखवायचं? दोघी असू म्हणून शब्द दिला होता. ती राखेत हात घालून तशीच बसली, किती वेळ ते तिलाही कळलं नाही.

मग तिनं दारातून वर बघितलं. गावावर धुराची एक रेघ नव्हती. वर, उंबरापलीकडे, आगटीचा धूर मात्र रोजच्यासारखा सरळ चढत होता.

कोंडाबाई उठली. सुनेला पाठीवर घेतलं आणि जुन्या लुगड्यानं आपल्या अंगाशी करकचून बांधलं. धडधाकट कुसा तिला उचलली नसती, पण एका दिवसात ती पालापाचोळ्यासारखी हलकी झाली होती. ओटीत कण्या घातल्या, कमरेला मीठ खोचलं, एका हातात गाडगं आणि दुसऱ्या हातात पळी. चूल घरी येत नाही तर घर चुलीकडे न्यायचं, एवढाच तिचा हिशेब. दहा मिनिटांच्या चढाला तिला घटकाभर लागली. उंबराखाली ती दोनदा टेकली, आणि दोन्ही वेळा आपल्यालाच शिव्या घालून उठली.

झऱ्याचं निवळशंख पाणी तिनं गाडग्यात भरलं. आगटीच्या कडेला तीन दगड मांडले, मधे निखारे ओढले, गाडगं ठेवलं, कण्या सोडल्या आणि कुसाचं डोकं मांडीवर घेऊन ओव्या म्हणायला लागली.

पेज दुधाळ व्हायला आली तेव्हा रावजी गुरव झऱ्यावरून आंघोळ करून आला. ओल्या पंच्यानिशी जागच्या जागी थबकला.

"कोंडाबाई! काय मांडलंय ह्ये? नवस मोडला तुमी!"

"गावाच्या चुली बंद करायच्या ठरल्या व्हत्या, रावजी. माजी बंद हाय. जाऊन राखंत हात घालून बघ," कोंडाबाई म्हणाली. "ही चूल आईची हाय. आईनं कुटं नवस बोललाय?"

रावजी पंच्याचं टोक पिळत राहिला. तो भला माणूस होता आणि भल्या माणसांना अशा वेळी उशिरा सुचतं. मग तो म्हणाला, "पर आईच्या आगटीवर जे शिजंल, ते आधी आईला दाखवावं लागतं. आन ह्या तर कण्या. तुटका दाणा आईला चालत न्हाई. दाखवता येत न्हाई, आन दाखवल्याबिगर कुणाला देता येत न्हाई. आता काय करायचं?"

"मला इचारतोस व्हय? गुरव तू हायस," म्हातारी म्हणाली, पण पळी तिच्या हातात थांबली होती. रावजी म्हणाला ते खोटं नव्हतं. आयुष्यभर तिनंच तर त्या कण्या देवीच्या ताटातून वेचून काढल्या होत्या.

एवढ्यात हैबती पाटील आला. आगटीचा धूर आज रोजच्यापेक्षा दाट दिसला म्हणून तो तरातरा चढून आला होता आणि त्याच्यामागून निम्मं गाव. पाटलानं गाडगं बघितलं, मांडीवरची कुसा बघितली. त्याचा चेहरा लाल झाला.

"पाच घरांत मानसं गेली," तो म्हणाला. "माजी आई तिकडं पानी पानी करतीया आन म्या रीतीपायी, नवसापायी दातावर दात धरून बसलोय. आन तुमी हितं पेज रांधताय? गावाचा घास घ्यायचाय का?"

त्याचा आवाज शेवटी फाटला. कोंडाबाईला त्याचा राग आला नाही, म्हणे. तिला त्याची कीव आली.

"पाटील," ती म्हणाली, "आपन दोघं कशाला भांडायचं? मालकीन समोर बसलीया. कौल लावा. ती न्हाई म्हनली तर ह्ये गाडगं म्या माज्या हातानं दरीत लोटते. मंग माजी सून जाऊ दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

हे बोलणं सगळ्यांना पटलं. रावजीनं चाफ्याच्या दोन पाकळ्या भिजवल्या, देवीच्या दोन खांद्यांवर लावल्या आणि खणखणीत आवाजात प्रश्न विचारला. आई, तुझ्या आगटीवर शिजलेल्या ह्या तुटक्या दाण्याची पेज आजाऱ्याला द्यावी का न द्यावी? सगळे श्वास रोखून बघू लागले. पाटील अगदी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसला, डोळे पाकळ्यांवर.

पाकळ्या हलेनात.

मांडीवर कुसाचे ओठ हलत होते. कोंडाबाईनं पळी गाडग्यात घातली, वरची निवळ घेतली, फुंकून गार केली.

"कोंडाबाई! कौल पडू दे आधी!" पाटील ओरडला.

"पडू दे की. तिला घाई करा असं म्हनतंय कोन?" कोंडाबाई म्हणाली. "तिचा इचार होईस्तवर हिला पळीभर देते. आईनं अजून न्हाई कुटं म्हनलंय?"

आणि तिनं पळी सुनेच्या ओठाला लावली.

ती पळी पोटात ठरली नाही. लगेच उलटून पडली. अंगणात कुजबुज झाली, पाटलानं मान हलवली. "बघा. आईला मान्य न्हाई."

"ते कालचं व्हतं पोटातलं, ह्ये नव्हं," कोंडाबाई म्हणाली. आता तिनं अर्धीच पळी घेतली. ती दिली आणि एक ओवी म्हटली, सावकाश, पुरी. मग पुन्हा अर्धी. मग ओवी. ओवीच्या आधी पळी नाही, अशी तिनं स्वतःलाच सक्त ताकीद दिली होती. तिसरी पळी ठरली. चौथी ठरली. सातव्या ओवीला कुसानं डोळे उघडले आणि पळीकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण ते बघणं भुकेचं होतं आणि अंगणातल्या प्रत्येक बाईला ते ओळखता आलं.

पाकळ्या अजून जागच्या जागी होत्या.

कुणाची तरी जाऊ हळूच उठली आणि खाली गेली. परत आली ती आपल्या लेकीला कडेवर घेऊन. मग दुसरी गेली. कौल लागेपर्यंत पळीभर द्यायला हरकत नाही, असं एकदा झालं म्हटल्यावर ते सगळ्यांसाठीच झालं ना? बघता बघता झोळ्या करून, पाठीवर घेऊन आजारी माणसं वर येऊ लागली. गाडगं पुरेना. तेव्हा घरोघर कोंबड्यांसाठी ठेवलेल्या कण्या निघाल्या. गाडग्यांतून, मडक्यांतून, फडक्यांच्या गाठींतून. कुणी देवळातलं मोठं तपेलं आणलं. तीन दगडांवर ते चढलं, झऱ्याचं पाणी हंड्याहंड्यानं आलं. कोंडाबाई मधे बसून सगळ्यांवर ओरडत होती. "पळीभरच! जास्त न्हाई! ओवी म्हना आधी. येत न्हाई? मंग माजी ऐका!" तिच्या ओवीवर अंगणभर पळ्या हलू लागल्या, असं सांगतात.

एकटा पाटील तेवढा हलला नाही. दुपार झाली तरी तो उंबऱ्याशी पाकळ्यांवर नजर रोवून बसला होता. गावाचा शब्द त्यानं दिला होता, कुणीतरी बघायला हवं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी त्यानं पापणी पाडली नाही.

तेवढ्यात घोंगडीच्या झोळीतून त्याच्या आईला चौघांनी वर आणलं. थोरल्या पाटलीणबाई. जिच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं, ती आता मुटकुळं करून पडली होती. कोंडाबाईनं तिच्याकडे बघितलं आणि तपेल्याकडे. तपेलं बुडबुडायला लागलं होतं आणि तिच्या दोन्ही हातांत दोन माणसांची डोकी होती.

"पाटील!" ती म्हणाली. "हिकडं या. हात चालवा, खाली लागतंय!"

पाटील वळला. कुणी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. तो उठला, आला, मोठी पळी हातात घेतली आणि ढवळू लागला. मग दुसऱ्या हातानं आईचं डोकं उचललं. पहिली पळी देताना सांडली. दुसरी त्यानं फुंकून गार केली, अर्धीच भरली आणि ओवी कुठून येणार म्हणून मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं. आईनं गिळलं. त्यानं पुन्हा नाव घेतलं आणि पुन्हा पळी दिली. किती वेळ गेला कोण जाणे. आई पुटपुटली, "हैबती, मीठ झ्याक पडलंय रं." आणि एवढा मोठा पाटील सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला.

मग त्याला आठवलं. तो गर्रकन वळला.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर काही नव्हतं. दोन्ही पाकळ्या खाली पायरीवर पडल्या होत्या, शेजारी शेजारी.

"कुटली आधी पडली?" त्यानं रावजीला विचारलं. रावजीच्या मांडीवर कुणाचं तरी पोर होतं. त्यानं मान हलवली. पाटलानं सगळ्यांना विचारलं. अंगणात दीडशे माणसं, आणि एकाचंही लक्ष नव्हतं. त्या घटकेला सगळ्यांच्या पाठी देवीकडे होत्या.

रावजी हळूच म्हणाला, "आई बोलली, पाटील. आपनच ऐकायला नव्हतो."

"मंग पुन्ना इचारा."

"एक गोष्ट आईला दोनदा इचारत न्हाईत."

पाटील पळी हातात घेऊन तसाच उभा राहिला. होकार होता की नकार, हे आता जन्मात कळणार नव्हतं. "मंग आता वं?" त्यानं कोंडाबाईला विचारलं.

"मंग काय," कोंडाबाई म्हणाली. "ढवळा."

नवसाचे उरलेले दिवस गावातल्या चुली बंदच राहिल्या, तो शब्द कुणी मोडला नाही. सगळं गाव आगटीवरची पेज प्यायलं आणि झऱ्याचं पाणी प्यायलं. सगळीच वाचली असं दशरथकाका सांगत नाहीत. त्यानंतरही दोन माणसं गेली, त्यांची नावं ते हात जोडून घेतात. पण ज्यांना झोळीतून वर आणलं होतं त्यांतली बहुतेक आपल्या पायांनी खाली उतरली. थोरल्या पाटलीणबाई पुढं नऊ वर्षं जगल्या आणि त्या नऊ वर्षांत त्यांनी पाटलाला एक दिवस सुखानं बसू दिलं नाही.

बारा दिवसांनी धाकू मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढला. वाटेत मरीची बातमी लागली होती, त्यामुळे शेवटचा चढ त्यानं बैल मागे टाकून पळत काढला. गावात शिरला, गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. घरातून भांडण ऐकू येत होतं. पेजेत मीठ कुणी घालायचं, यावरून. तो तिथंच धुळीत बसला आणि पोटभर ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मिठाची पहिली गोणी देवळात नेऊन ठेवली. आजही त्या मंगळवारचं मीठ त्याच्याच घराण्यातून येतं, फक्त आता ते तालुक्याच्या बाजारातून येतं. कोंडाबाई गेल्यावर देवीचं भात कुसानं कांडलं आणि कण्या एकाही कोंबडीला दिसू दिल्या नाहीत.

आजही त्या दिवशी उंबरदऱ्यात घरातली चूल पेटत नाही आणि गॅसही पेटत नाही. प्रत्येक घरातून मूठभर कण्या वर जातात. गुरव पाकळ्या लावतो, तोच जुना प्रश्न मात्र विचारत नाही, कारण तो विचारून झालेला आहे. मग सगळे पाठ फिरवतात आणि पेज पितात. दशरथकाकांनी साठ वर्षांत एकदाही वळून बघितलेलं नाही. मोह होतो का, असं कुणी विचारलं तर ते म्हणतात, "व्हतो की. म्हनून तर द्रोन दोनी हातांनी धरायचा."

आणि एरवीही, वर्षातल्या कुठल्याही दिवशी, उंबरदऱ्यात कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला टेकलं, तालुक्याहून गाडी यायची राहिली, तपासणीचा कागद यायचा राहिला आणि काय होणार ते कुणालाच ठाऊक नसलं, की आजही शेजारची बाई पदराखाली गरम वाडगं घेऊन येते, उशाशी बसते, फुंकर घालते आणि म्हणते,

"कळंल तवा कळंल. तोवर पळीभर घे."